आज किती गावले?

काचपट्टीवर एक थेंब ओढायचा,
जांभळा रंग चढवायचा, नळाखाली धरायचा,
आणि मग मोजायचं. शंभरापर्यंत.
मालवणात, बर्फाच्या कारखान्यामागे
माझं हे दोन खोल्यांचं दुकान.
खिडकीतून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

मथुरा मोंडकर येते दर तिसऱ्या आठवड्यात,
कधी मधेच, दहाव्या दिवशी,
डोक्याला नवऱ्याचा मफलर गुंडाळून.
शीर सापडत नाही, मीच ओशाळतो,
तर म्हणते, "घाबारतंस कित्याक? टोच.
जाळ्याची सुई काय कमी घुसली माज्या बोटांत?"
आणि निकाल न्यायला आली की दारातूनच,
"काय रे झिला, आज किती गावले?"

पांढऱ्या पेशी म्हणजे तिला मासळीच.
पहिल्या वेळी सात हजार दोनशे.
"बरे गावले," म्हणाली.
औषधानंतर दहाव्या दिवशी अकराशे.
मी यंत्र पुसलं, पुन्हा मोजलं.
काचेवर नुसती तांबड्या पेशींची वाळू,
मधे कुठे एखादी पांढरी,
ओहोटीच्या डबक्यात राहून गेलेल्या पिल्लासारखी.
ती आकडा ऐकून हसली नाही.
"पर्ससीन फिरली," एवढंच बोलली.

हे तिनं म्हणावं!
जिनं त्या बोटींविरुद्ध तहसीलदाराच्या दारात
तीन दिवस ठाण मांडलं होतं,
पिल्लासुद्धा सोडीत नाय मेले, म्हणत
बोटाएवढे बांगडे टोपलीभर
साहेबाच्या फायलींवर ओतले होते.
आता तीच संमतीच्या कागदावर सही करते
आणि मनगटाच्या शिरेतून आत सोडते
तो लाल द्राव,
जो लहानथोर बघत नाही,
जे जे भराभर वाढतं ते ते ओढून नेतो:
गाठ, केस, तोंडातली साल,
हाडांच्या पोकळीत तयार होणारी
पहारेकऱ्यांची अख्खी नवी भरती.

डॉक्टर कोल्हापूरहून येतात, महिन्यातून दोनदा.
चहा घेताना मी विचारलं,
राखणदारच मारले तर चोराला धरायचं कुणी?
ते म्हणाले, मरण्यामरण्यात फरक असतो.
काही पेशी गुपचूप आवरून जातात,
शेजाऱ्यालाही पत्ता नसतो.
पण हे लाल औषध कधी कधी
गाठीच्या पेशीला असं मारतं की
जाता जाता ती बोंब ठोकते,
आतलं सगळं उंबऱ्यावर आणून मांडते,
मग उरलेसुरले पहारेकरी तिकडे वळतात.
"नेहमी?"
"कधी कधी म्हटलं ना."
त्यांचं बिस्किट चहात पडलं होतं.

त्या संध्याकाळी किनाऱ्यानं घरी गेलो.
रापणीतून सांडलेला एक पेडवा वाळूवर पडला होता.
जिवंत असताना पाण्याच्याच रंगाचा,
माथ्यावर घिरट्या घालणाऱ्या घारीलाही न दिसणारा.
आता वास सुटला होता,
आणि ओल्या वाळूतून, कुठल्या कुठल्या बिळांतून
खेकडे निघाले होते, वाकडे, घाईघाईनं,
एकाच दिशेनं.

मग बंदी. आषाढातल्यासारखी.
होडी वर ओढून झापांनी शाकारतात
तशी मथुरा पडून राहिली.
उकळलेलं पाणी, पेज, कच्चं काही नाही.
नातवाला सर्दी, तर त्याला देवबागला मामाकडे धाडला.
तो फोनवर रडला, तीही.

काल आली. तीन हजार आठशे!
मी दारातच ओरडून सांगितलं.
तिनं पिशवीतून सुक्या सुंगटांची पुडी काढून
टेबलावर ठेवली, खुर्चीत टेकली.
"किती ता सांगतंस दरखेपेक," म्हणाली.
"वळाकतत काय पण ते? चोराक?"

मी तीच काचपट्टी पुन्हा भिंगाखाली सरकवली.
गोल, जांभळ्या, मधे मधे अंतर सोडून,
रापणीच्या दोराला लागलेल्या माणसांसारख्या,
पाठमोऱ्या.